बापूजी गुरुजींनी काढलेला फॉरेस्टचा अर्थ

कोणाला दमा असतो, कोणाला मूळव्याध असते. कोसंबीच्या बापूजी कोतपल्लीवार गुरुजींना इंग्रजी होतं. मिडल स्कूलात पोरांना शिकवण्यापुरतं असतं तर काढ्याबिढ्यावर भागलं असतं. पण गुरुजींजवळ डिक्शनरी होती, आणि त्यामुळे दुखणं बळावलं होतं.

डिक्शनरी नागपूरच्या जुन्या बाजारातली. पुठ्ठा कधीच गेला होता. लाल कापडात बांधून गुरुजी ती देवघराच्या कोनाड्यात ठेवत, आणि गुरुजी शाळेत गेले की त्यांची बायको सुगंधाबाई ती उचलून लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर ठेवी. बरणीला वजन लागतं, आणि कोसंबीत इतकं जड दुसरं काही नव्हतं. एफच्या पानांपर्यंत तेल झिरपलं होतं.

गुरुजी जन्माने कोसंबीचेच. पोंभुर्ण्याच्या पुढे जिथे छकड्याची वाट संपून पायवाट लागते, तिथलं हे गाव. पण नागपुरात दोन वर्षं मास्तरकीचं शिकून आले तेव्हापासून त्यांनी ‘मले’चं ‘मला’ केलं होतं आणि ‘नाई’चं ‘नाही’. विंचू चावला तेव्हासुद्धा ते शुद्ध मराठीत ओरडले, असं गाव सांगतं. त्यामुळे शेजारी दोन मिनिटं उशिरा धावले. त्यांना वाटलं, गुरुजी धडा वाचून राह्यले.

तर छप्पन सालचा फागुन. गावाला लागून गोंडांचा टोला, म्हणजे वस्ती, आहे, आणि टोल्यातल्या शेवटच्या घरासमोर सात मोह उभे आहेत. त्यातला टोकाचा त्या घरच्या बुधरीचा.

मोहाचं फूल कोणी तोडत नाही. ते रात्रभर फांदीवर रसाने फुगतं आणि पहाटे आपल्या पायांनी खाली येतं, लेक माहेरी येते तसं, न बोलावता. पण खाली वाळका पाला असला तर फूल त्यात हरवतं. म्हणून गळती सुरू व्हायच्या आधी बाया झाडाखालचा पाला खराट्याने ओढून त्याचा ढीग करतात, त्याला काडी लावतात, राखेवर पाणी मारतात आणि अंगणासारखी भुई करून ठेवतात. ज्या बाईने भुई झाडली तिचं ते झाड. कागद नाही, शिक्का नाही. सासू झाडायची, सासू गेली, सून झाडते. त्या झाडलेल्या गोलात दुसरी बाई पाऊल टाकत नाही, फूल पायाशी आलं तरी. बुधरी झाडताना म्हणायची,

फाटेपारी मोह गरे, भुई पिवरी पिवरी,
सासू गेली, झाड ठेवून, माया कवरी कवरी.

ही फुलं वाळवून मडक्यात भरली की पावसाळ्याचे दोन महिने बुधरीचं घर त्यावर निघे. धान कापणीला यायला अवकाश असतो तेव्हा हेच शिजवायचं. एवढ्यावर सगळं होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे गुरुजींच्या लक्षात राहिलं नाही.

त्या फागुनात पत्रू नाकेदाराने, म्हणजे जंगलखात्याच्या शिपायाने, बुधरीला पाला जाळताना धरलं. पत्रू दरवर्षी पाहायचा आणि घमेलंभर फुलं घेऊन दुसरीकडे तोंड करायचा. पण रेंज ऑफिसात नवे रेंजरसाहेब आले होते, आणि नव्या साहेबाला काहीतरी पकडून दाखवावं लागतं.

बुधरी गुरुजींच्या ओसरीखाली येऊन उभी राहिली. पत्रावळीची पानं ती याच घरी द्यायची, म्हणून ओळख.

“गुरुजी, पत्रूनं माही टोपली नेली. खराटाबी नेला.”

“खराटा कशासाठी?”

“जप्ती म्हणे. फारेस्टात आग लावली म्हणे. तुमी त्याच्यासंगं नुसते दोन शब्द बोला ना. तुमचा चेला होय तो. आठ दिसांत मोह गरन.”

दोन शब्द! एवढंच मागणं होतं. गुरुजी टोपी घालून नाक्यावर गेले.

पत्रूने खाट पुढे केली. तो उठून उभा राहिला, ‘पान खाता का’ म्हणाला. पण मग म्हणाला, “गुरुजी, तुमी बाकी काईबी शिकवा. पन फारेस्ट म्हंजे काय, ते मले नोका शिकवू. इंग्रजीत तुमी मले दोनदा नापास केलं. फारेस्टनं पहिल्याच टायमाले पास केलं.”

नाक्यावर बसलेले दोन गाडीवान हसले. तेंदूपत्त्याच्या हिशेबाला आलेला मुकादमही हसला, आणि त्याला तर काही कळलंसुद्धा नव्हतं.

गुरुजी परत आले ते टोपीचा कोन सुटलेल्या अवस्थेत. सुगंधाबाई सुपात डाळ पाखडत होती.

“मी वाटीभर लोणचं देतो पाठवून पत्र्याले,” ती म्हणाली. “त्याच्या मायले माह्या हातचं लोणचं लई आवडते. टोपली देते तो, पहा.”

“प्रश्न टोपलीचा नाही,” गुरुजी म्हणाले. “प्रश्न तत्त्वाचा आहे.”

“बुधरीचा तं टोपलीचाच हाये.”

पण सुगंधाबाई चौथी शिकलेली. तिला तत्त्व दिसायचं नाही, टोपली तेवढी दिसायची.

संध्याकाळी शेजारचे देवाजीभाऊ ओट्यावर आले. देवाजीभाऊ मालगुजाराचे दिवाणजी होते. मालगुजारी बुडून पाच वर्षं झाली, पण त्यांच्या अंगातून ती उतरली नव्हती. अजून ते बसताना आधी कोणी उठतं का ते बघत. गुरुजी अर्ज करणार, हे त्यांना कळलं होतं.

“गुरुजी, कागद करू नोका,” ते म्हणाले. “कागद म्हंजे साप. बिळात हाये तोवर हाये. त्याचं शेपूट वढलं का तो तोंड घेऊन बाहेर येते. पत्र्याले घमेलंभर फुलं द्या लावून.”

“म्हणजे लाच!”

“लाच नाई, रीत. तीन पिढ्यांची हाये.”

गुरुजी उठले, बरणीवरची डिक्शनरी उचलली, धोतराच्या सोग्याने तेल पुसलं आणि एफ उघडलं.

आता इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं, की गुरुजींनी त्या संध्याकाळी जे पाहिलं ते पाहून कोणाचंही डोकं फिरलं असतं. फॉरेस्ट हा शब्द झाडांवरून आलेलाच नव्हता! लॅटिनमध्ये एक शब्द आहे, त्याचा अर्थ ‘बाहेर’, म्हणजे दाराबाहेर. त्याच्यापासून हा निघाला. जुन्या काळी तिकडच्या राजाने शिकारीसाठी जी जमीन सगळ्यांच्या कायद्याबाहेर काढून ठेवली, ती फॉरेस्ट. त्यात झाड असो, शेत असो, नाहीतर भरलं गाव असो. परका या अर्थाचा ‘फॉरेन’ हा शब्द याच कुळातला. फॉरेस्ट आणि फॉरेन म्हणजे सख्खे चुलतभाऊ. आणि कुळाच्या अगदी मुळाशी गेलं तर कंसात बारीक अक्षरांत काय लिहिलेलं होतं? संस्कृत ‘द्वार’! म्हणजे आपलं दार!

“अगं, ऐकलंस का!” गुरुजी ओरडले. “फॉरेस्ट आणि आपलं दार एकाच आईची लेकरं!”

“मंग दार लावून घ्या,” सुगंधाबाई आतून म्हणाली. “कुत्रं शिरून राह्यलं.”

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी शाळेतून रजा काढली आणि अर्ज लिहिला. इंग्रजीत. चार पानं. पहिली अडीच पानं शब्दाची व्युत्पत्ती. मग मुद्दा असा, की फॉरेस्ट म्हणजे बाहेरचं. आणि बुधरीचा मोह तर तिच्या दारातला. तेव्हा तो फॉरेस्ट कसा? आणि झाड तिचंच याला पुरावा काय? तो तर गुरुजींना अगदी हाताशी सापडला. त्यांनी लिहिलं, ‘टोल्यातील स्त्रिया या सात झाडांखालील पाला पिढ्यान्‌पिढ्या, दरवर्षी, न चुकता स्वतःच्या हातांनी जाळत आल्या आहेत.’ या वाक्याखाली त्यांनी रूळ धरून लाल शाईने रेघ मारली. वकिलालाही सुचला नसता असा पुरावा!

बुधरीचा अंगठा घेण्यापूर्वी त्यांनी सगळा अर्ज तिला मराठीत समजावून सांगितला. तिचा नवरा लच्छू पण आला होता. तो पूर्ण वेळ हात जोडून ऐकत होता, कीर्तनाला बसल्यासारखा. बुधरीने सगळं ऐकून घेतलं.

“यात टोपलीचं कुठी हाये?”

गुरुजींनी पानं चाळली. टोपली चौथ्या पानावर, शेवटच्या ओळीत, ‘इत्यादी’च्या शेजारी सापडली.

रेंजरसाहेब जबलपूरकडचे. गोड माणूस. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढून पुसला, परत वाचला.

“टोपली तो मैं अभी लौटा देता, मास्टरजी,” ते म्हणाले. “झाड़ू भी. पर आपने तो प्रश्न खड़ा कर दिया. अब इसका उत्तर देने का अधिकार मुझे कहाँ?”

हे ऐकून कोणाही शहाण्या माणसाने अर्ज खिशात घातला असता आणि टोपली डोक्यावर. गुरुजी मात्र घरी येईपर्यंत चालत नव्हते, तरंगत होते. त्यांचा प्रश्न रेंजरच्या अधिकाराबाहेरचा होता! तिकडे मोह गळायला लागला, आणि पत्रू सातही झाडांजवळ दांडकं घेऊन उभा. प्रश्न वर गेलाय, उत्तर येईतोवर कोणी फुलाला हात लावायचा नाही. आजवर बुधरीचं एक झाड अडलं होतं. आता टोल्याची सातही अडली. टोल्यातल्या बाया लांब उभ्या राहून बघत. फुलं पाल्यात पडत, आंबत. अस्वलं येऊन खाऊन जात. अस्वलांनी अर्ज केला नव्हता.

वैशाखात वरून पत्र आलं. अर्जदाराने ज्या डिक्शनरीचा आधार घेतला तिच्या संबंधित पानाची साक्षांकित नक्कल जोडावी.

गुरुजी डिक्शनरी छकड्यात घालून तहसिलीला गेले. जाताना बैल बसला, येताना चाक निघालं, हे सांगण्यासारखं नाही. वैशाखात ते होतंच. सांगण्यासारखं हे, की तिथल्या साहेबाने डिक्शनरी उलटसुलट करून पाहिली आणि म्हटलं, “हिला पुठ्ठा नाही. पहिलं पान नाही. ही डिक्शनरी आहे कशावरून?”

“आतमध्ये शब्द आहेत, साहेब. त्यांचे अर्थ आहेत.”

“ते तर कोणत्याही पुस्तकात असतात.”

शेवटी एका कारकुनाला दया आली. म्हणाला, नक्कल कशाला, गुरुजी, मूळ पानच जोडा ना. मुळाला साक्ष लागत नाही.

गुरुजींनी ओसरीत बसून, सुगंधाबाईच्या विळीच्या टोकाने, ते पान कापलं. पान गेल्यावर ध्यानात आलं, की त्याच पानाच्या पाठीवर ‘विसरणे’ आणि ‘क्षमा करणे’ हेही दोन इंग्रजी शब्द होते. तेही गेले सरकारात.

पावसाळा आला. बुधरीच्या मडक्यात फुलं नव्हती. लच्छू भर पावसात रानात कांदे, म्हणजे जंगली कंद, खणत हिंडे. ते कडू कांदे तीन पाण्यांत उकळून खायचे. पत्रावळीची पानं घेऊन बुधरी यायची तेव्हा ओसरीखाली उभी राहून विचारायची, “आलं का जी, उत्तर?” सुगंधाबाई तिच्या ओच्यात दोन पायल्या तांदूळ घाली आणि गुरुजींकडे बघत नसे. हे न बघणं गुरुजींना फार ऐकू यायचं.

मग नोव्हेंबरात राज्यच बदललं. कोसंबी रात्री झोपली ती मध्य प्रदेशात आणि उठली ती मुंबई राज्यात. उठण्यात फरक काही नव्हता, कोंबडा तोच होता. पण कागद गठ्ठ्यांत बांधले गेले. देवाजीभाऊ खुश. “आता हारपला तुमचा कागद,” ते म्हणाले. “देवाची किरपा. चैतात बुधरी भुई झाडन, पत्रू घमेलं घेईन, मिटलं.”

गुरुजींनी त्याच आठवड्यात स्मरणपत्र पाठवलं. तेही इंग्रजीत.

माघात उत्तर आलं, आणि नुसतं आलं नाही. साखळी घेतलेले मोजणीदार, चुन्याची पोती आणि गवंडी घेऊन आलं. रेंजरसाहेब स्वतः आले. टोल्यासमोर सतरंजी अंथरली गेली. गुरुजींच्या गळ्यात झेंडूचा हार पडला. तो पत्रूनेच घातला. साहेबांनी लिफाफा त्यांच्या हातात दिला. “आपका ही पत्र है. आप ही पढ़कर सुनाइए. इन लोगों की भाषा में.”

अख्खा टोला बसला होता. बुधरी पुढेच होती. गुरुजींनी घसा खाकरला, लिफाफा फोडला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एखादा मजकूर आधी मनात न वाचता मोठ्याने सांगायला सुरुवात केली.

“पहिला परिच्छेद. ‘अर्जदाराच्या वतीने सादर झालेलं टिपण अत्यंत विद्वत्तापूर्ण असून या कार्यालयाने ते आदरपूर्वक वाचलं.’”

लच्छूने हात जोडले. देवाजीभाऊसुद्धा जरा सरसावून बसले.

“दुसरा. ‘फॉरेस्ट या शब्दाचा मूळ अर्थ बाहेरचं असा आहे, हे या कार्यालयास पूर्णपणे मान्य आहे.’”

“मान्य हाये म्हणते!” मागून कोणीतरी म्हणालं.

“तिसरा. ‘मात्र आत कुठे संपतं आणि बाहेर कुठे सुरू होतं, हे या ठिकाणी आजवर कोणत्याही कागदावर ठरलेलं नव्हतं. ही उणीव दाखवून दिल्याबद्दल आभार. आता हे ठरवण्यात आलं असून गावाची हद्द टोल्यातील शेवटच्या घराच्या भिंतीशी संपते. सबब सातही झाडं…’”

गुरुजी थांबले.

“फुडं काय लिहिलं हाये, गुरुजी?” लच्छूने विचारलं.

“‘…सातही झाडं अर्जदाराच्याच व्याख्येप्रमाणे बाहेर आहेत.’”

साखळीची कडी वाजली, तेवढीच. गुरुजींनी चौथा परिच्छेद पाहिला. तिथे त्यांचंच वाक्य होतं, लाल रेघेसकट उतरवलेलं. त्यांना वाटलं, इथे ताप यावा, भोवळ यावी, निदान वादळ यावं. माघातलं आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं.

“‘टोल्यातील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या, दरवर्षी, न चुकता तिथे आग लावतात, असा लेखी कबुलीजबाब अर्जदाराच्याच अंगठ्यासह प्राप्त झाला आहे. सबब हद्दीवर पक्के मुनारे बांधावेत. त्यापलीकडे झाडलोट, जाळणं आणि फुलं वेचणं यांस कायमची मनाई करण्यात येत आहे.’”

“आणि शेवटचं?” रेंजरसाहेब हळूच म्हणाले. ते जमिनीकडे बघत होते.

“‘टोपलीविषयीची विनंती मंजूर.’”

पत्रूने टोपली आणली. वर्षभर नाक्याच्या कोपऱ्यात पडून तिला वाळवी लागली होती. बुधरीने ती उचलली तेव्हा बूड सतरंजीवरच राहिलं.

“गुरुजी, आईची आन,” पत्रू कानाशी कुजबुजला, “म्या तं वाटीभर लोणच्यावरबी टोपली देली असती.”

त्या दिवसानंतर गुरुजी टोल्याच्या वाटेने गेले नाहीत. शाळेत व्युत्पत्ती शिकवणं त्यांनी बंद केलं. पोरांनी विचारलं तर म्हणत, पाठ करा. विद्वत्तेच्या कौतुकाचं ते पत्र हातात घेऊन सुगंधाबाईने एकदा विचारलं, “याले फ्रेम करू का?” तिने ते सरळ मनाने विचारलं की कसं, हे गुरुजींना शेवटपर्यंत कळलं नाही.

पण चैत लागला, आणि एका पहाटे मोहाचा वास घरात आला. दार लावलेलं होतं तरी आला. गुरुजी उठले आणि पाय नेतील तिकडे गेले.

मुनारे, हद्दीचे ते चुन्याचे खांब, पांढरेफटक उभे होते. त्यापलीकडे सात झाडांखाली न झाडलेला पाला, आणि पाल्यात हरवलेली फुलं. पण टोकाच्या मोहाची एक फांदी मुनाऱ्यावरून वाकून टोल्याच्या बाजूला आली होती. मोजणीदाराची साखळी जमिनीवरून गेली होती, फांद्यांवरून नाही. त्या फांदीखाली बुधरी झाडत होती. पाटाएवढी भुई. नवा खराटा होता. पाला तिने जाळला नव्हता, ओच्यात भरून घराकडे नेऊन टाकत होती. ओवी म्हणत नव्हती.

गुरुजी उभे राहिले. पुष्कळ वाक्यं मनात जुळवली. सगळी शुद्ध होती, एकही बोलण्याजोगं नव्हतं.

बुधरीच मान न वळवता म्हणाली, “गुरुजी, तुमच्या त्या पुस्तकात मोहाचं काय लिहिलं हाये?”

गुरुजींना डिक्शनरी न उघडता ठाऊक होतं. एमच्या पानावर महॉगनी होतं, माहूतही होता.

“मोह नाही त्यात,” ते म्हणाले.

“म्हणून तं इतके दिवस आमचा होता,” ती म्हणाली, आणि खाली बसून फुलं वेचू लागली. ओंजळभर होती.

तेवढ्यात पायवाटेने पत्रू आला. त्याने फांदीकडे पाहिलं, मुनाऱ्याकडे पाहिलं, ओंजळीकडे पाहिलं. त्याचा चेहरा खरोखरच कष्टी झाला होता.

“आता या फुलांचं कसं करावं, गुरुजी?” तो म्हणाला. “झाड बाहेरचं, फूल आतलं. साहेब मले विचारन. तुमी एक अर्ज लिहून द्या ना वर. तुमचं इंग्रजी त्यायले समजते.”

गुरुजींचा हात सवयीने खिशाकडे गेला. पेन तिथेच होतं. बुधरीचे हात फुलांवर तसेच थांबले, आणि तिने प्रथमच वर पाहिलं.

गुरुजींनी हात खाली घेतला.

“मले इंग्रजी येत नाई, पत्रूभाऊ,” ते म्हणाले.